चाकांवरची खोली

कारेगावच्या गिरणीत धुरपदा दळणाचा डबा घेऊन बसली होती. दारात बॅटरीची सायकल चार्जिंगला लावलेली. तिच्यामागं जोडलेली चाकांवरची पत्र्याची खोली, माणूस जेमतेम आडवा होईल एवढी. मेंढरं विकून बागायतदार झालेले म्हस्कू आबा सायकलवाल्या तरण्याची चौकशी करत होते.

“ह्यातच ऱ्हातोस व्हय?”

“व्हय आबा. कंपनीनं काढलं, मग भाड्याची खोली सुटली.”

“आन् बायकू?”

“म्हायेरी. बाळंत झालीय. किती दिस ठेवून घेत्याल?”

“मंग एका जागी थांब की.”

“थांबू कुठं? एक रात झाली की हाकलत्यात. चोर म्हणत्यात.”

“आमी जल्मभर फिरलो, पर आमाला कुणी हाकललं न्हाई. उलट शेतकरीच न्यायला यायचं. रानात मेंढरं बसली की लेंड्यांचं खत व्हायचं. वर पायली-दोन पायली जुंधळं द्यायचं.”

“तुमाला ठावं हाय समदं. मंग तुमच्याच रानात लावू का गाडी? बांधाच्या कडंला. बायकू-लेकराला घेऊन येतो.”

गिरणीचा पट्टा फडफडत राहिला. धुरपदानं आबांकडं पाहिलं. आबा तरण्याला म्हणाले,

“तुझ्यापाशी मेंढरं कुठं हायत, बाबा?”