हिल्केच्या दोन घड्या

नाही हो पाहुणे, दुर्बीण बिघडलेली नाही, तुम्ही भलतीकडे बघताय — ती तपकिरी शिडाची, सगळ्यांच्या पुढे, ती आमच्या गावाची, ग्राउची बोट. हो, कललीय. कलणारच! असल्या वाऱ्यात अख्खं शीड कोण ठेवतं? मी नसतं ठेवलं. एकोणीस वर्षं तिचं सुकाणू माझ्या हातात होतं — मी हिल्के. ऐकलंय ना नाव? हसू नका.

गेल्या वर्षीच्या शर्यतीत असाच वारा चढला. मी काय केलं? शीड थोडं उतरवलं, खालचा भाग गुंडाळून आडव्या काठीला बांधला — एक घडी, मग दुसरी. चौदा माणसं होती बोटीवर, चौदाच्या चौदा कोरडी घरी आली. पण नंबर नववा! झालं — संध्याकाळी माझ्या दाराला कुणीतरी पोरांचे पोहायचे फुगे टांगले. कमिटीनं सुकाणू पुतण्याला दिलं, वीबेला. आणि आता गावात कुणी कच खाल्ली की म्हणतात, हिल्के केलं. बेकरीत म्हणतात, माझी बायको रांगेत उभी असताना म्हणतात!

तर वीबे काल आला होता. मागच्या दारानं — पुढून आला असता तर लोकांनी पाहिलं असतं ना. कॉफीचा कप फिरवत बसला. म्हणाला, काका, उद्या वारा जोरात आहे, किती घड्या घेऊ? मी काय सांगणार — जे सांगायचं ते सांगितलं. म्हटलं, अख्खं ठेव, घाबरतोस काय. — हो, मीच म्हटलं. असं काय बघताय? वाटलं, एकदा पडू दे तोंडावर, कळू दे गावाला. कुणाचा जीव जावा असं नव्हतं हो मनात! सकाळी धक्क्यावर गेलो होतो सांगायला. सगळं गाव उभं होतं तिथं. परत आलो.

द्या ती दुर्बीण. पाणी आत येतंय त्यांच्या — वीबे, अरे उतरव, उतरव ते! — थांबा. शीड खाली येतंय. बांधतायत. एक... दुसरीही घेतली गाढवानं. सरळ झाली बोट.

इतक्या झटपट? म्हणजे घड्या बांधायच्या दोऱ्या आधीच ओवून तयार होत्या. म्हणजे काल माझ्याच टेबलाशी बसून पोरानं ओळखलं — काका खोटं बोलतोय. आणि तरी कप विसळून, पालथा घालून गेला.

ऐकलंत? काठाच्या बांधावरून खिदळत ओरडतायत — हिल्के! हिल्के! — त्याला.

घ्या तुमची दुर्बीण. उठा, जा आता.