आठ ट्रॉम्बोन आन् एक सूर

...आठ! तुम्हाले सांगतो, आठच्या आठ तेच! साईड ड्रम नाही, ढोल नाही, क्लॅरनेट नाही... एक खोकं फोडलं तं ट्रॉम्बोन, दुसरं फोडलं तं ट्रॉम्बोन, आन् म्या हेडसराले इचारलं, 'सर, बाकीचा बँड कुठी हाये?' तं ते कसे म्हणते, 'हाच बँड आहे, उत्तमराव.' हाच बँड! आरे बापा, लग्नात आठ आचारी बोलावले आन् आठही जण नुसता मठ्ठाच करून राह्यले तं पंगत उठन का?

झालं असं का, आमच्या वडनेरचे भगवंतराव, मोठी जमीन, पोरगा पुण्याले, नातू ऋत्विक तिथल्या शाळेत. त्या शाळेच्या गॅदरिंगले हे गेले आन् तिथी त्याइनं बँड पाह्यला... पाह्यला म्हणतो मी, ऐकला नाही म्हणत! डोळ्यात भरली ट्रॉम्बोनची नळी. पुढं जाते, मागं येते, उन्हात चमकते. 'आपल्या गावच्या पोट्ट्याइले हेच पाह्यजे!' दिलदार माणूस, देल्ले आठ धाडून. आता शिकवन कोन? नांदुऱ्याच्या बँड पार्टीत एकतीस वर्ष ट्रॉम्बोन फुंकलेला, समोरचा एक दात हाललेला, डीजे आल्यापासून भावाच्या वाडीत मेथी खुडत बसलेला माणूस कोन? मी!

आन् खोटं काऊन बोलू, मले आनंद झाला. एकतीस वर्ष लोकाइनं मले 'ओ बाजेवाले' म्हणलं. नाव कोनी इचारलं नाही. एका वरातीत नवरदेवाच्या मामानं घोडीचं नाव इचारलं, माह्यं नाही! आन् इथी पह्यल्याच दिवशी आठ पोट्टे उभे राह्यले, 'नमस्ते सsssर!' डोळ्यात पाणीच आलं, हसू नका. मनात म्हणलं, उत्तम, मराच्या आंधी एक तरी पोट्टं असं तयार कर का त्याचा सूर ऐकून रस्त्यानं चाललेला माणूस थांबला पाह्यजे. एक पोट्टं. बस.

पण सूर येते कुठून? सारे पोट्टे पह्यल्या दिवशी नळीच धरून बसले. म्हणलं, सोडा ते! तुम्हाले सांगतो, नळी सरकोल्यानं सूर नाही येत! सूर येते ओठातून. ओठ मिटा, गाल फुगवू नका, पोटातून हवा काढा, भुर्रर्रर्र! ट्रॉम्बोन बाजूले ठेवा, आठ दिवस नुसतं भुर्रर्र! तिसऱ्या दिवशी त्याइच्यातल्या गोकुळची माय शाळेत. कोकिळाबाई. 'काहो सर, तुम्ही काय शिकवून राह्यले? पोट्टं वरणाचं ताट समोर घेऊन भुर्रर्र करते! सासऱ्याच्या धोतरावर वरण!' म्हणलं, बाई, शिकून राह्यला तो. 'हे शिकाले शाळेत कायले पाठवा लागते? हे तं आमची म्हैसही करते!'

बरं, भुर्रर्र जमलं, मंग हाती देल्ला बाजा. आता हा बाजा मोठा खट्याळ. पेटीले पट्ट्या हायेत, बासरीले भोकं हायेत, याले काय हाये? काही नाही! नळीवर सात जागा, आन् एकीवरही खूण नाही. कानानं शोधा. अर्धं बोट इकडं तं सूर तिकडं. आन् सातव्या जागेले हात पुरा लांब करा लागते, माह्यासारख्या माणसाचा खांदा दुखते, आन् पोट्टे किती? सहावीतले! पाचव्या जागेवरच हात सरले. 'सर, पुरत नाही!' मंग गोकुळ्यानं काय केलं, खांद्यातून असा झोका देल्ला, हातातून नळी सुटली, सुऽऽय करत व्हरांड्यातून गेली ते थेट खिचडीच्या गंजात! स्वयंपाकवाल्या गोजरबाई पळी घेऊन भाईर. 'कोन्या मेल्यानं हा नळ टाकला माह्या खिचडीत?' आन् हेडसर काय म्हणाले? 'पण उत्तमराव, सरकते छान!' ...आता सांगा!

तरी मी सोडलं नाही. ऐका. पौष लागला होता, सकाळी थंडी, पोट्ट्याइचे ओठ उललेले, तरी मी म्हणो, एक सूर, एकच, सरळ काढा. सात जणाइचा सूर निघे तो म्हशी हंबरल्यावाणी, आपण खोटं बोलत नाही. आन् एक दिवस मागून एक आवाज आला... म्या फिरून पाह्यलं तं काजल. सगळ्यात बुटकी. हात पुरत नाही म्हणून कंबरेतून अंग पुढं देऊन, डोळे मिटून, कानानं जागा शोधली पोरीनं! चौदापर्यंत आकडे मोजले तरी सूर हालला नाही. चौदा! मले अठराव्या वर्षी दहा जमत नव्हते. गोजरबाई पळी हातात घेऊन दारात उभी राह्यली. ते बाई हेडसरासाठी थांबत नाही, पण काजलसाठी थांबली!

मंग आली सव्वीस जानेवारी. भगवंतराव पाहुणे. आठ दिवस आंधी हेडसराइनं आठही जण एकदम ऐकले आन् कानावर हात ठेवले. 'हे असं नाही चालणार. गाणं स्पीकरवर लावू. मुलांनी फक्त बाजा तोंडाशी धरायचा.' म्हणलं, सर, फुंकल्याबिगर? 'पाहुण्यांना काय कळतं? इंद्रभानसर, तुम्ही बघा.' इंद्रभानसर म्हणजे पीटीचे सर. त्याइनं मैदानावर चुना आखला, गळ्यात शिट्टी, आन् सुरू! 'नळी पुढं, एक! नळी मागं, दोन! कोनी फुंकलं तं याद राखा! ए गोकुळ, तोंडात हवा काऊन भरली बे? सोड!' कवायत! ट्रॉम्बोनची कवायत, आठाइच्या नळ्या एका रेषेत! मी कडुनिंबाखाली उभा राहून बोंबलून राह्यलो का बापाहो, नळी सरकोल्यानं सूर नाही येत! ऐकते कोन?

आन् काजल? तिले सगळ्यात पुढं ठेवलं. काऊन? तं तिची नळी एकदाही चुकली नाही!

मंग मी हेडसराच्या टेबलापाशी जाऊन हात जोडले. जिंदगीत कोनाले जोडले नव्हते, तुम्हाले सांगतो, बिदागीसाठीही नाही. म्हणलं, सर, त्या पोरीचा एक सूर होऊ द्या. पाहुण्याइनं तो ऐकला तं त्याइले कळन का बाजा कायले असते, आन् हा वर्ग खरा वर्ग होईन. ते म्हणाले, 'ठीक आहे. गाणं संपलं की तिचा एक सूर. एकच हं!' मी घरी जाऊन बायकोले सांगतलं. बायको म्हणे, 'एकाच सुरासाठी कोट काढता का?' म्हणलं, हाव, काढतो!

तं तो दिवस. झेंडा झाला, भाषण झालं, भगवंतराव खुर्चीत, मोबाईलवर पुण्याच्या नातवाले दाखवून राह्यले. स्पीकरवर गाणं सुरू, आठ नळ्या पुढं, आठ मागं, लोकं खुश... आन् लाइन गेली! गाणं अर्ध्यात बंद! सारं मैदान चूप. आन् पोट्टे? पोट्टे थांबलेच नाही! एक... दोन... एक... दोन... नळ्या पुढं, नळ्या मागं, आवाज म्हणून नाही! फक्त नळ्याइची खसखस. म्हणलं, हेच! आता! सारं गाव चूप हाये, असं चूप कधी भेटत नसते! मी खुर्च्याइच्या मागून हात हालवले, ओठाकडं बोट दाखोलं, तोंड करून दाखोलं, फुंक, काजल, फुंक! तिनं माह्याकडं पाह्यलं. पाह्यलं, नक्की पाह्यलं. मंग इंद्रभानसराकडं पाह्यलं. ते ओठातल्या ओठात मोजून राह्यले होते... आन् तिनं नळी पुढं नेली. एक. मागं आनली. दोन.

आन् टाळ्या! तुम्हाले सांगतो, अशा टाळ्या म्या एकतीस वर्षात ऐकल्या नाही! भगवंतराव उभे राह्यले, 'लाइन गेली तरी पोट्टे डगमगले नाही, याले म्हणते शिस्त! पंधरा ऑगस्टले अजून आठ धाडतो!' मी हेडसराच्या मागं पळालो, सर, तो सूर? 'अहो, गाणं संपलंच कुठं? संपल्यावर म्हणालो होतो ना मी!' आन् वर काय, 'आता वर्ग इंद्रभानसर पाहतील, तुम्ही बाजे पुसत जा. चमकले पाहिजेत.'

मी गेलो काजलपाशी. पायरीवर बसून बुंदीचा लाडू खाऊन राह्यली होती. म्हणलं, 'काऊन व बाई, म्या इशारा केला, दिसला नाही का तुले?'

'दिसला ना, सर.'

'मंग फुंकलं काऊन नाही?'

पोरीनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं मलेच काही समजत नाही. म्हणे, 'सर, फुंकलं असतं तं नळी चुकली असती ना!'

...आता काय म्हणता तिले? म्या म्हणलं, 'बरोबर हाये, बाई. नाही चुकली तुही. खाय, लाडू खाय.'