अनोळखी साक्षीदार

माझा मोठा भाऊ, दादा, वारल्याला महिनाच झालाय यार, पण हे ऐकाच. अमेरिकेत ट्रॉय गावी तो वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता. लुटुपुटीचा खटला चालवायची परीक्षा होती. साक्षीदार ओळखीचा नको असा नियम, तरी त्याने मलाच अनोळखी साक्षीदार केलं होतं. मी चुकलो तर तो नापास.

त्याने विचारलं, "आरोपीला पाहिलंत?"

मी आपल्याकडच्यासारखी डावी-उजवीकडे नुसती मान डोलावली.

जज झालेले अमेरिकन सर म्हणाले, "साक्षीदार नाही म्हणतोय."

"हो म्हणतोय रे, दादा!" मी ओरडलो.

"दादा म्हणजे?" सरांनी विचारलं.

दादा शांतपणे म्हणाला, "सर, आमच्यात अनोळखी माणसालाही दादाच म्हणतात."

पास झाला. पण आता ती हाक मारायची भीती वाटते. भलताच कोणीतरी वळून बघतो.