पावसाला कामाची पाळी कळत नाही

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या सार्डिनच्या कारखान्याचे संचालक सी अब्देलमजीद, व्यासपीठावर बसलेले कामगार संघटनेचे चिटणीस सी शाकिर, मासळी बंदरावरून मुद्दाम वेळ काढून आलेले जहाजमालक, साफसफाई, भराई आणि डबे बंद करणाऱ्या विभागांतल्या माझ्या भगिनी, बॉयलरखान्यातले माझे मित्र आणि पहिल्या रांगेत खिडकीशी बसलेली माझी बायको नझीहा. तिला मी शेवटी संबोधलं, पण या भाषणात ती शेवटी येत नाही.

माझं नाव लमीन शाबूनी. ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण आज व्यासपीठावरच्या पाटीवर ते दोन चुकांसह लिहिलंय. पाटी रंगवणाऱ्यावर माझा राग नाही. फक्त उद्या ती उतरवायच्या आधी दुरुस्त करावी, एवढीच विनंती.

या कारखान्याच्या शीतगृहात मी सव्वीस वर्षं, चार महिने आणि अकरा दिवस काम केलं. आलो तेव्हा एकवीस वर्षांचा होतो, शिक्षण नववी नापास. पहिल्या महिन्यात कॉम्प्रेसरची माहितीपुस्तिका हाती लागली, फ्रेंचमधली, दोनशे बारा पानांची. शब्दकोश शेजारी ठेवून रोज एक पान वाचलं. दोनशे तेराव्या दिवशी परदेशातून आलेल्या इंजिनियरला मी सांगितलं की तुमच्या आकृतीत तेलाचा नळ उलटा दाखवलाय. त्याने तपासलं. नळ उलटाच होता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडी बढाई आहे.

आता मूळ प्रश्न. साठीला निवृत्त होण्याचा नियम असताना हा माणूस सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी का चाललाय? मी राजीनामा दिला त्या दिवशी बॉयलरखान्यातल्या आपल्या महरेझने तीन तर्क लढवले. एक, लमीनला जैतुणाच्या बुंध्याशी सोन्याचा हंडा सापडला. दोन, त्याला मोठा आजार झालाय. तिसरा तर्क भगिनींसमोर सांगण्यासारखा नाही. नझीहाला मात्र तो आवडला होता.

काटकसरीवरून आम्हा स्फाक्सच्या लोकांची थट्टा अख्खा देश करतो. राजधानीतले म्हणतात, स्फाक्सवाल्याकडे सुई उसनी मागा, तो नेढ्याचं भाडं वेगळं लावेल. पण स्फाक्समध्ये राहूनही ज्याला चिक्कू म्हणतात असा एकच माणूस आहे आणि तो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. बारा वर्षं मी सायकलवर आलो, घरचा डबा खाल्ला, उपाहारगृहात कॉफी घेतली ती फक्त दुसऱ्याने पाजली तेव्हा. माझ्या पाठीमागे काय बोललं जायचं ते मला ऐकू यायचं. शीतगृहाच्या भिंती जाड असतात, दारं तेवढी नाहीत.

या सगळ्यामागे एकच गोष्ट होती. ग्रेमदाच्या रस्त्यावर माझ्या वडिलांची बाग आहे. बासष्ट जैतुणाची झाडं, अकरा बदामाची, एक अंजीर, एक बैठं घर, आणि अंगणाखाली माजेल, म्हणजे पावसाच्या पाण्याचं टाकं. अडतीस हजार लिटरचं. गच्चीवर पडलेलं पाणी पन्हाळीतून त्यात उतरतं आणि वर्षभर तेच पाणी प्यायचं, त्याच पाण्यात रांधायचं. तिथल्या नळाला खारं पाणी येतं. फरशी पुसायला ठीक, पण त्यात चहा केला तर पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. मला त्या घरात राहायचं होतं. म्हातारपणी नव्हे, हात चालताहेत तोवर.

शहरातला फ्लॅट भाड्याने द्यायचा, बागेतल्या घरात राहायला जायचं, आणि भाडं नि तेल मिळून महिन्याला जे नऊशे दिनार येतील त्यात पाच माणसांनी भागवायचं, असा माझा बेत होता. आम्ही दोघं, दोन मुली आणि माझी आई हाज्जा महबूबा. दीड वर्षापूर्वी मी हा बेत नझीहापुढे मांडला. तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि मग म्हणाली, "बेत कागदावर छान दिसतोय. कागदाला भूक लागत नाही."

आणि तिने अट घातली. नोकरी न सोडता एक वर्ष तसं जगून दाखवायचं. एक सप्टेंबरपासून एकतीस ऑगस्टपर्यंत. पगार जसाच्या तसा बँकेत, पासबुक तिच्या कपाटात. वर्षभरात एकदाही त्याला हात लावावा लागला, तर साठीपर्यंत गुपचूप नोकरी करायची आणि हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. मी कबूल झालो. ज्याला उलटा नळ दिसला, त्याला एक वर्ष काय जड?

गेल्या वर्षी आम्ही जुलैतच बागेतल्या घरी गेलो. नझीहाने आणि आईने वर्षाची बेगमी केली. कुसकुस वळून वाळवलं, टोमॅटो सुकवले, मिरच्यांच्या माळा भिंतीवर टांगल्या. मी ऑगस्टमध्ये गच्चीला चुना दिला, दोन हात. आणि मग मला एक कल्पना सुचली. सभ्य लोकहो, माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे याच वाक्याने सुरू होतात.

उन्हाळाभर गच्चीवर धूळ असते, कबुतरांची घाण असते. म्हणून पावसाचं सुरुवातीचं पाणी टाक्यात घ्यायचं नसतं. ते अंजिराकडे सोडायचं. कुणीतरी पन्हाळीशी उभं राहायचं, ओंजळीत पाणी घेऊन चाखायचं, गोड लागलं की अंजिराकडची वाट चिंध्यांच्या बोळ्याने बंद करायची आणि टाक्याचं तोंड उघडायचं. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलंय. पण पाऊस आला आणि मी इथे पाळीवर असलो तर? म्हणून मी एक झडप बनवली. पहिलं दोनशे लिटर पाणी एका पिंपात जाईल, पिंपाच्या वजनाने दोरी ओढली जाईल, बाहेरची वाट बंद होईल, टाक्याचं तोंड उघडेल. माणूस नको, वीज नको. सी अब्देलमजीद स्वतः बघायला आले होते आणि त्यांनी फोटो काढला होता. तो त्यांनी आता काढून टाकला असेल अशी आशा आहे.

आईने झडपेकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला जीभ कुठाय?"

मी हसलो.

गेल्या वर्षीच्या चौदा सप्टेंबरला दुपारी पाऊस आला. तुम्हाला आठवत असेल, वाळवंटाकडून आभाळ लाल होऊन आलं आणि वरून पाणी नव्हे, चिखल पडला. बंदरावरच्या सगळ्या होड्या विटकरी झाल्या होत्या. मी इथे कॉम्प्रेसरपाशी होतो. झडपेने आपलं काम अचूक केलं. दोनशे लिटर बाहेर, मग तोंड उघडलं, आणि उरलेला सगळा चिखल टाक्यात, वर्षाच्या शिल्लक अकरा हजार लिटर पाण्यावर. झडप लिटर मोजत होती, चव नाही.

मी घरी गेलो तेव्हा आई टाक्याच्या काठावर बसली होती. पोहऱ्यातलं पाणी तिने फक्त माझ्यासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी महरेझने अख्ख्या बॉयलरखान्यासमोर विचारलं, "उस्ताद, कोको गरम घेणार की गार?"

टाकं उपसावं लागलं. चार दिवस आम्ही पाणी काढून जैतुणांना घातलं. तळ घासला, आतून पुन्हा गिलावा दिला. आता प्यायचं काय? सप्टेंबर म्हणजे शाळा उघडण्याचा महिना. मुलींची वह्या-पुस्तकं घेऊन नऊशेपैकी बावन्न दिनार उरले होते. टँकर नव्वदचा. नझीहाने कपाट उघडलं आणि पासबुक टेबलावर ठेवलं.

"मी टोमणा मारत नाहीये," ती म्हणाली. "मुलींना पाणी लागतं. तू फक्त सांग, मी उद्या पैसे काढते."

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. मी तिच्याकडे एका पावसाची मुदत मागितली. रस्त्याच्या टोकाला मशिदीचं जुनं टाकं आहे, वाटसरूंसाठी बांधलेलं. छत्तीस दिवस मी पाळी संपली की तिथून दहा-दहा लिटरचे दोन कॅन सायकलला लटकवून घरी नेले. पंधराव्या दिवशी सायकलची मागची धाव वाकली. तिसाव्या दिवशी तिथला राखणदार म्हणाला, "उस्ताद, तळ दिसायला लागलाय. महिनाअखेर कुलूप घालतो, राग मानू नका." म्हणजे महिनाअखेरपर्यंत पाऊस आला नाही, तर माझी उरलेली तेरा वर्षं तुमच्याच सहवासात जाणार होती. तुमचा सहवास मला प्रिय आहे. पण तेरा वर्षं?

वीस ऑक्टोबर. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. छपरावर पावसाचा आवाज आला. झडप मी स्वतः काढून टाकली होती. तीन नंबरच्या कोठारात आठ टन सार्डिन होत्या आणि कॉम्प्रेसर नुकताच कुरकुरायला लागला होता. सोडून जाणं शक्य नव्हतं. घरी शहात्तर वर्षांची, काठी टेकत चालणारी आई. आणि नझीहा, जिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की तुझ्या या खुळात मी वाटेकरी नाही. मला अडवणार नाही, पण हातभारही लावणार नाही. तिने नुसतं खिडकीत बसून राहायचं ठरवलं असतं, तर त्या टाक्यात थेंब उतरला नसता आणि पैज ती जिंकली असती.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग तिचा आवाज आला, मागे पावसाचा.

"बोलू नकोस. मी पन्हाळीशी उभी आहे."

"कधीपासून?"

"भिजायला लागल्यापासून. तुझी आई खालून ओरडतेय, अजून नाही, अजून नाही. पाच वेळा चाखलं. तोंडात चुना गेलाय."

मी विचारलं, बोळा कुठे ठेवलाय ते ठाऊक आहे का. त्यावर तिने जे उत्तर दिलं ते महरेझच्या तिसऱ्या तर्कासारखंच इथे सांगण्याजोगं नाही. मग ओंजळीतलं पाणी चाखल्याचा आवाज आला. मी इकडे फोन कानाला लावून दाबमापकावर नजर ठेवून उभा. आणि मग ती म्हणाली, "गोड आहे. सोडलं आत."

त्या दिवशी दीड तासात टाकं गुडघाभर भरलं. डिसेंबरपर्यंत गळ्यापर्यंत आलं. गेल्या एकतीस ऑगस्टला नझीहाने पासबुक पुन्हा टेबलावर ठेवलं, मला एकेक पान उलटून दाखवलं. बारा वेळा पगार जमा, काढलेली रक्कम शून्य. त्या पैशाला आता मुलींच्या शिक्षणाशिवाय आणि आजारपणाशिवाय कुणी हात लावणार नाही. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "जा, दे राजीनामा. पण त्यात व्याकरणाच्या चुका शोधत बसू नकोस."

मित्रांनो, मी आकडेमोडीचा माणूस. नऊशे दिनार मी शेवटच्या मिलिमापर्यंत, पै न् पै, बसवले होते. पण पाऊस येईल तेव्हा घरी कोण असेल, हा रकाना माझ्या वहीत नव्हता. मला लवकर निवृत्त का व्हायचंय, हे मला स्वतःला त्या दिवशी फोनवर कळलं. मला पन्हाळीशी उभं राहायचंय. बस.

सी अब्देलमजीद, पगारवाढ देऊन मला थांबवायचा प्रयत्न तुम्ही दोनदा केलात. माझा मान ठेवलात, आभारी आहे. शीतगृहाच्या सगळ्या नोंदी आणि माहितीपुस्तिकेचं मी केलेलं भाषांतर निळ्या फाइलमध्ये आहे. नळाची आकृती दुरुस्त केलेली आहे. सी शाकिर, संघटनेने दिलेल्या मानपत्राबद्दल आभार. आणि महरेझ, भेटीचं खोकं तू आधीच उघडायला लावलंस म्हणून सगळ्यांना कळलं की तू मला कोळ्यांचा पिवळा रेनकोट दिलायस. सव्वीस वर्षांत तुझी ही पहिली कामाची थट्टा.

यापुढे मी आणखी दहा मिनिटं बोलणार होतो. तसं लिहूनही आणलंय. पण पहिल्या रांगेतली नझीहाची खुर्ची मघापासून रिकामी आहे, आणि ती दाराशी उभी राहून मला बोटाने आभाळ दाखवतेय. ढग काळे आहेत, लाल नाहीत. गच्चीचा चुना परवाच वाळलाय. घर नऊ किलोमीटरवर आहे आणि सायकलची धाव नवी आहे.

तेव्हा स्वतःच्याच निरोप समारंभातून मिठाईच्या आधी उठून जाण्याचा उद्धटपणा मला करू द्या. माझा वाटा महरेझला द्यावा, नाहीतरी तो घेणारच. सव्वीस वर्षांत माझ्याकडून कुणाला कठोर शब्द गेला असेल, आजच्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते सुरुवातीचं पाणी समजून अंजिराकडे सोडून द्या. त्यामागून जे गोड आलं असेल, तेवढं साठवा.

आलो गं, नझीहा. बोळा घेतलास ना?