मागायला गेली आणि जेवून आली

मुरुडला लॉज चालवणारी कृष्णाबाई बाजार आटपून एसटीत बसली होती. शेजारी पिशव्या मांडीवर घेऊन तिची कामवाली सखू. मागच्या सीटवर दुसऱ्या दोघी बायका बोलत होत्या.

“मागितलास काय पगार वाढवून?”

“गेले होते गं. तोंड उघडायच्या आत मालकीण म्हणते, हेमाली, आधी जेवून घे.”

“आणि तू जेवलीस?”

“पापलेट वाढलं. वर म्हणते, तू काय परकी हायस? घास तोंडात असताना पैशाचं कसं काढू?”

“पापलेट केलं कुणी?”

“मीच.”

“आणि भांडी?”

“ती पण मीच घासली.”

कृष्णाबाईच्यानं राहवेना. ती गर्रकन मागं वळली.

“अगं, कष्टाचं मागायला लाज कसली? सरळ सांगायचं, वाढवा न्हायतर चालले!”

“मालकीण रागावली तर, मावशी?”

“खाते काय ती तुला?”

सखूनं मांडीवरच्या पिशव्या नीट केल्या.

“बाय, मग मी पण मागू? चार वर्षं तोच पगार हाय.”

मागच्या दोघी कृष्णाबाईकडं बघत राहिल्या.

“घरी चल आधी,” मान खाली घालून ती पुटपुटली. “जेवून घे. मग बघू.”

मागं कुणी हसलंसुद्धा नाही.