सेन्सर बंद होता

मंडळी, मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. शिफ्टची बस सोडून तुम्ही इथं बजाजनगरात थांबलात. मंजुळावहिनी, अण्णांच्या शोकसभेत त्यांच्या बायकोसमोर, तुमच्यासमोर बोलायला मी उभा आहे. मॅनेजरसाहेबही आलेत. बरं झालं साहेब. मला तुमच्यासमोरच बोलायचंय.

मी ज्ञानोबा. कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवतो. रखमाजी अण्णा आमचे सेटर, प्रेसला साचा बसवून मशीन लावून देणारे. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. वाळूजच्या कारखान्यात आला अन् पत्र्याला आकार द्यायला शिकला. लई अभिमान होता त्यांना त्याचा. रस्त्यानं नवी गाडी गेली की म्हणायचे, "ज्ञानू, तिच्या दाराची बिजागरी आपली असंल बघ."

त्या सोमवारी प्रेसचा सेन्सर बिघडला. हात आत गेला तर मशीन थांबवतो, तो सेन्सर. अण्णांनी मशीन बंद केलं. साहेब, तुम्ही धावत आलात. म्हणालात, "अण्णा, हा पार्ट अडला तर पुढं गाड्यांची लाइन अडते. लाइन अडली की चिकलठाण्याची छोटी वर्कशॉपं अडतात, ट्रकवाले अडतात. कारखाना चालला तर देश चालतो."

अण्णा म्हणाले, "खरंय साहेब. त्या देशात हा ज्ञानू धरलाय का?"

मी तर उलट अण्णांवरच चिडलो. म्हणालो, "तुमची नोकरी सरत आली. आमची कशाला घालवता?"

अण्णांना दुसऱ्या खात्यात पाठवलं. सेन्सरची वायर काढून मशीन तसंच सुरू केलं. मशीनवर कोण? मीच.

बुधवारी दुपारी पार्ट आत अडकला. मी हात घातला. अण्णा आमच्या प्रेसवरून चहाला निघाले होते. प्रेसचा वरचा भाग हललेला त्यांना दिसला, मला दिसला नाय. "ज्ञानू, हात!" एवढंच ऐकलं. त्यांनी मला ढकललं. मी फरशीवर पडलो. उठलो, तर अण्णांचा हात खांद्यापर्यंत आत होता.

तीन दिवस ते दवाखान्यात होते. शुद्धीवर आले, पहिलं मला विचारलं, "तुझी बोटं?" मी दोन्ही पंजे पुढं केले. मग त्यांनी डोळे मिटले.

अण्णा गेले अन् दोन दिवसांत माझ्यापुढं कंपनीचा एक कागद आला. सेन्सर चालू होता, चूक रखमाजींची, असं त्यावर लिहिलेलं. मी सही केली. व्हय वहिनी, मीच केली. भ्यालो होतो.

साहेब, उठू नका. बसा. माझं संपत आलंय.

तो कागद खोटा आहे. सेन्सर बंद होता. उद्या सकाळी कारखाना निरीक्षकांच्या ऑफिसात जाऊन मी हेच लिहून देणार. नोकरी गेली तर जाऊ द्या.

कारखाने बंद करा, असं मी म्हणत नाय. अण्णांनाही ते पटलं नसतं. ह्या वाळूजनं आपल्याला उभं केलंय. पण देश चालवणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जायला नको का?

आता सगळे उभे राहा. साहेब, तुम्हीही. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. त्यानंतर, ती वायर काढताना ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी इथं माझ्याशेजारी येऊन उभं राहावं.

अण्णा, नमस्कार.