बरं झालेलं माणूस

—न्हाई, आज न्हाई लावायची ती पेटी. तितंच ओट्यावर बसा डाक्टर, पानी देते, पर झाकण उगडू नका. हे शेतात गेल्यात— म्हंजी आत निजल्यात. बरं न्हाई त्यांना. काल दिवसभर नुसती थरथर. तुमचं औषीद काय लागू पडलं न्हाई बगा. तसंच लिवा कागदावर— पासली गावचा हा शिपाई पयल्यासारखाच हाय म्हणून. आन् पानी पिऊन येल्ह्याची एसटी गाठा.

हसताय? हसा. पर ही सरू येडी न्हाई. पुन्यासनं एक माणूस येल्ह्यात उतरतो, तितनं डोंगर तुडवत हितवर येतो— कशापायी? गोळी न्हाई, सुई न्हाई, नुसती ती पेटी. आमच्या माणसाला घोंगडीवर आडवं करता, हात सैल सोड, दातखीळ सोड, पाय सोड म्हणता, आन् जरा कुठं अंग ढिलं पडलं की त्या फितीच्या चकऱ्या फिरवून बंदुकीचा आवाज काढता! आज हळू, पुढल्या खेपंला जरा मोठा. माणूस ज्याला भितो त्येच त्याच्या कानाशी— ह्ये कसलं बरं करणं? नवी रीत हाय, कुणाकुणाला लागू पडते ते बगायचंय, असं तुमीच म्हणला हुता. म्हंजी आमच्यावर करून बगायचं, व्हय ना? ठकुबाई शेजारची म्हणत हुती, देवरुशाकडं न्या. म्या म्हणलं, धम्म घेतला तवाच अंगारे-धुपारे सोडले आमी. मग तुमाला का बसू दिलं? गळ्यात ती नळी बगितली, आन् फसले.

खरं सांगा, मिल्ट्रीनंच धाडलंय न्हवं तुमाला? मान हलवू नका नुसती. सा वर्सं झाली ह्यांना लढाईवरनं येऊन, एका बी सायबानं इचारलं न्हाई जगला का मेला. खळ्यावर भात झोडायला लागलं की हा एवढा गडी त्या कणगीमागं जाऊन बसायचा, कान झाकून, पोरासारखा. तवा कोण आलं? आन् आता बंगालकडं गडबड सुरू झाली, गावातल्या गेनबाच्या, पलटणीतनं सुटीवर आलेल्या ल्योकाला तार आली, ताटावरनं उठून गेला तो— आन् नेमकी आताच तुमाला आमच्या ह्यांची दया आली? भोरच्या बाजारात जलीलभाईच्या दुकानात रेडू चालू हुता, सगळं ऐकलंय म्या. माणसं कमी पडत्यात. मोडकं अवजार नीट करायचं आन् परत कामाला जुपायचं, त्यातलं हाय ह्ये तुमचं.

काय म्हणता? रस्त्याच्या कामाचा सुरुंग? उडाला की परवा. कौलं हादरली घराची. म्या पेंढी टाकून धावत गेले, म्हणलं आता काय बगायला मिळतंय— तर ह्यांनी मान बी वर केली न्हाई हो! "सुरुंग हाय," म्हणले, आन् इळा चालूच, पुढची मूठ कापली—

म्हंजी... भ्याले. मागनं भ्याले, घरी आल्यावर. असं बगू नका माझ्याकडं. भ्याले म्हणते न्हवं!

बरं, न्हाई भ्याले. झालं समाधान? म्याच सांगितलं हुतं त्यांना, डाक्टर आले की थरथरा, आवाज निघाला की अंग टाकून द्या. मागल्या खेपंला केलं बी त्यांनी, माझ्यासाठी. तुमाला काय ठावं? लगीन झालं तवापासनं वर्साला दोन म्हयनं यायचे, ते बी पावण्यासारखे, अर्धं चित्त पलटणीत. ह्या आजारानं मला माझा नवरा दिला, डाक्टर. माझा हात धरून निजत्यात, सांगायला लाज वाटत न्हाई मला. आता हसत्यात, पोरीला खांद्यावर घेत्यात, त्ये बगून मला काय वाईट वाटतंय व्हय? लई बरं वाटतंय. पर बरे झाले म्हंजी गेले, येवढंच कळतंय मला. त्यापरीस आजारी असूद्या.

काय? परत बोलवायचे न्हाईत? पलटणीतनं नावच कमी केलंय, कागद बगितलाय म्हणता? अगदी खरं? घ्या शपत. घरी आई हाय न्हवं तुमची, तिची घ्या... बरं. बरं बाबा. मग ह्ये आदी न्हाई का सांगायचं! बसा, बसा नीट, च्या टाकते. गूळ हाय, दूध बी हाय आज. उगाच लई बोलले म्या तुमाला, मनावर घेऊ नका.

हे आलेच बगा. अवं, दारातच काय उभं ऱ्हायला, इळा ठेवा की खाली. डाक्टर काय म्हणत्यात ऐकलं का? तुमाला आता कुणी बोलवायचं न्हाई, नाव कमी झालंय तुमचं. शपत घेतली त्यांनी आईची... अवं? त्वांड का उतरलं तुमचं?

काय पुटपुटताय त्यांच्या कानाशी? माझ्यासमोर बोला. काय— "बरा झालोय असं लिवून दिलं तर घेत्याल का"? कोण घेत्याल? कुठं?

डाक्टर, त्यांच्याकडं बगू नका. माझ्याकडं बगा. ते इचारत्यात तुमाला. न्हाई म्हणा.

म्हणा की वो, न्हाई म्हणून!